ग्वाल्हेरला गेलेलं पत्र

बडोद्याच्या इंदिराराजे, म्हणजे लग्नानंतरच्या, तिकडे उत्तर बंगालमधल्या कूचबिहार संस्थानच्या महाराणी, यांच्याबद्दल कुठेही वाचायला घ्या, पहिल्या दोन ओळींत बूट येतात. फेरागामो नावाचा इटालियन बूटवाला होता, मोठमोठ्या नट्या त्याच्याकडून बूट करून घ्यायच्या, त्याच्याकडे बाईंनी शंभर जोड सांगितले आणि काही टाचांवर जडवायला हिरे-मोती आपल्याच पेटीतले पाठवून दिले. बूट झाले की शिफॉनच्या साड्या. मग युरोपातले कसिनो, आणि कसिनोच्या टेबलावर नशीब उघडावं म्हणून ठेवलेलं, पाठीवर रत्नं जडवलेलं जिवंत कासव. वाचायला मजा येते, नाही असं नाही, मीही सुरवातीला तेवढ्यासाठीच वाचत होते. पण त्यातच कुठेतरी 1911 सालचं एक पत्र येतं, आणि बहुतेक लेख त्याला एखादं वाक्य देऊन पुन्हा बुटांकडे वळतात. मला त्या पत्राने धरून ठेवलं.

ते पत्र कळायला आधी घर कळायला हवं. इंदिरेचे वडील म्हणजे सयाजीराव महाराज तिसरे. जन्म मालेगावजवळच्या कवळाण्याचा, शेती करणारी गायकवाडांची शाखा, पाळण्यातलं नाव गोपाळ. इंग्रजांनी बडोद्याच्या मल्हारराव महाराजांना गादीवरून काढलं तेव्हा त्यांच्या आधीच्या महाराजांच्या विधवा जमनाबाईसाहेबांनी दत्तक घ्यायला भाऊबंदांतली पोरं बोलावून घेतली, आणि तू इथं कशाला आलास असं विचारल्यावर हा बारा वर्षांचा पोरगा म्हणाला म्हणे, राजा व्हायला. 1875 ला तो सयाजीराव झाला आणि 1939 ला जाईपर्यंत राज्य केलं. आणि कसलं राज्य! सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आधी 1893 ला अमरेली भागात करून बघितलं, मग 1906 ला सगळ्या संस्थानात, मुलींना धरून. 1904 ला बालविवाहाविरुद्ध कायदा केला. गावोगाव वाचनालयं काढली. आजही आपल्याकडे पुरोगामी राजा म्हटलं की शाहू महाराजांच्या बरोबरीने हेच नाव तोंडात येतं, आणि ते बरोबरच आहे.

आई चिमणाबाई. देवासच्या घाटग्यांच्या, मूळ नाव गजराबाई, महाराजांच्या पहिल्या पत्नी क्षयाने गेल्यावर 1885 ला लग्न होऊन आल्या. बाई एकदम कडक. नऊवारी नेसून शिकारीला जायच्या आणि नेम असा की भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं. त्यांनी 1911 साली, हो त्याच साली, एका सहलेखकाबरोबर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, विषय भारतीय स्त्रीचं समाजातलं स्थान. पुढे पडदाही सोडला. आणि 1927 ला पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली तिच्या पहिल्या अध्यक्ष त्याच.

अशा घरात, चार भावांमधे एकुलती एक मुलगी म्हणून इंदिरा वाढली. जन्म 19 फेब्रुवारी 1892 चा, लक्ष्मीविलास पॅलेस बांधून होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. मराठी घरातलं, इंग्रजी शिकलेलं, फ्रेंचही यायचं. आईबापाबरोबर युरोप बघितला, इंग्लंडमधे शाळेत राहिली. त्या काळी आपल्याकडच्या बायकांना उंबऱ्याबाहेरचं जग दिसायची मारामार आणि ही पोरगी बोटीवरून लंडनला जाऊन येऊन करत होती.

आणि मग तिचं लग्न ठरवलं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी.

म्हणजे बाहेरून बघितलं तर यापेक्षा मोठं स्थळ मराठ्यांमधे नव्हतंच. शिंदे आणि गायकवाड, पेशवाईतली दोन मातब्बर सरदार घराणी, दोन्ही उत्तरेकडे जाऊन राजे झालेली. माधवराव कर्तबगार होते, यंत्रांचे शौकीन होते, जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांपुढून दारू आणि सिगार घेऊन फिरणारी चांदीची आगगाडी त्यांचीच. पण ते इंदिरेपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे होते. आणि त्यांना एक पत्नी होती. मूल नव्हतं, म्हणून दुसरी हवी होती. शिवाय ग्वाल्हेरला पडदा, तोही बडोद्यापेक्षा खूपच घट्ट, म्हणजे लंडनच्या रस्त्यावर फिरलेल्या मुलीने तिथं जाऊन महालाच्या एका भागात उरलेला जन्म काढायचा. हे स्थळ ठरवलं कोणी, तर ज्याने बालविवाहाविरुद्ध कायदा केला त्या बापाने आणि जिचं स्त्रियांच्या स्थानावरचं पुस्तक त्याच वर्षी छापून आलं त्या आईने. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तारखा पुन्हा तपासून बघितल्या.

डिसेंबर 1911 ला दिल्ली दरबार भरला. पंचम जॉर्ज स्वतः आलेला, देशातले सगळे राजे-महाराजे तंबू ठोकून बसलेले, एकेकाने पुढे जाऊन मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरकत यायचं असा रिवाज ठरलेला. सयाजीराव पुढे गेले, अंगावर दागिने नव्हते, हातात काठी, एकदाच मान लववली आणि वळून चालायला लागले. इंग्रजी पेपरांनी केवढा गदारोळ केला, राजद्रोहच जणू. महाराजांना नंतर खुलासा द्यावा लागला. आपल्या इतिहासात हा प्रसंग फार आवडीने सांगतात, आणि का सांगू नये, गुलामीच्या काळात एवढी ऐट दाखवायला छाती लागते.

पण त्याच दरबाराच्या गर्दीत दुसरं एक प्रकरण शिजत होतं ते कुणाच्या लक्षात नव्हतं. कूचबिहारच्या राजघराण्यातली मंडळी पण दिल्लीत होती, त्यांच्यातल्या जितेंद्र नारायणशी इंदिरेची गाठ पडली आणि दोघांचं जमलं. दरबार संपला, मंडळी बडोद्याला परतली, ग्वाल्हेरला लग्नाची जोरदार तयारी चाललेली, आणि एकोणीस वर्षांच्या इंदिरेने कुणालाही न सांगता सरळ माधवराव शिंद्यांना पत्र लिहिलं की मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. आईला सांगितलं नाही, वडलांपुढे रडली नाही, कुणा आत्या-मावशीला मधे घातलं नाही. ज्याच्याशी लग्न व्हायचं त्यालाच लिहिलं. बडोद्यात कळलं ते ग्वाल्हेरहून वडलांच्या नावे तार आली तेव्हा, की राजकन्येच्या या पत्राचा अर्थ काय समजायचा. इंदिराराजेंच्या मुलीने, गायत्रीदेवींनी, हे सगळं नंतर आठवणींत सांगितलंय.

ती तार हातात पडली तेव्हा राजवाड्यात काय झालं असेल त्याची कल्पना करायला राजघराण्यात जन्मायला नको. आपल्याकडे ठरलेलं लग्न मुलीने मोडलं तर आजही घरात सुतक पडल्यासारखं होतं, आणि इथं तर दोन संस्थानांचा मामला. त्यात वेळ अशी की बादशहाकडे पाठ केली म्हणून महाराजांवर आधीच इंग्रजांची नजर, आणि ग्वाल्हेर म्हणजे इंग्रज सरकारच्या अगदी विश्वासातलं घर, म्हणजे जे नातं या अडचणीत कामाला आलं असतं तेच मुलीने एका कागदावर तोडून टाकलं. त्यामुळे सयाजीरावांचा संताप नुसता मानापमानाचा नव्हता एवढं मी त्यांच्या बाजूने नक्की म्हणेन.

पण नकार पचवल्यावरसुद्धा दीडेक वर्षं जितेंद्रला विरोध चालूच राहिला, त्याचं काय? कारणं बघा. मुलगा मराठा नाही. संस्थान छोटं, बडोद्याला 21 तोफांची सलामी तर कूचबिहारला 13. त्यात हा धाकटा, गादीवर थोरला भाऊ. घराणं फार इंग्रजाळलेलं, पार्ट्या, दारू. यातली दारूची काळजी पुढे दुर्दैवाने खरी ठरली, पण बाकीची यादी कुठल्याही गावातल्या कुठल्याही घरातली आहे. जात, ऐपत, मुलगा थोरला की धाकटा.

आणि कूचबिहारचं घर काय साधंसुधं होतं का. जितेंद्रची आई सुनीतीदेवी या ब्राह्मो समाज या बंगालमधल्या सुधारक पंथाचे पुढारी केशवचंद्र सेन यांची मुलगी. या केशवबाबूंनी 1872 चा विवाह कायदा व्हावा म्हणून जिवाचं रान केलेलं, त्यात मुलीचं वय कमीत कमी 14 असावं असं होतं. आणि 1878 ला कूचबिहारच्या राजाचं स्थळ आलं तेव्हा स्वतःची मुलगी चौदाची व्हायच्या आधीच देऊन मोकळे झाले. त्यावरून ब्राह्मो समाज फुटला, ‘साधारण ब्राह्मो समाज’ नावाचा वेगळा समाज निघाला तो त्याच वर्षी. म्हणजे इंदिरेच्या सासरी आणि माहेरी दोन्हीकडे देशातले नावाजलेले सुधारक, आणि दोन्हीकडे गाडी अडली ती घरच्या मुलीच्या लग्नाशीच. मला यात ढोंग दिसत नाही खरं तर. ढोंगी माणूस एवढं काम करत नाही. सयाजीरावांनी याच सुमारास, 1913 साली, भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला महिना साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप देऊन अमेरिकेला पाठवलं, जात मोडायची म्हणजे काय हे या माणसाला समजत नव्हतं असं कसं म्हणणार. पण राज्यातल्या हजारो मुलींसाठी कायदा करताना त्यांच्यातली एकही तुमच्यासमोर उभी राहून नाही म्हणत नाही. घरातली म्हणते. तिथं राजेपण आणि बापपण दोन्ही एकदम दुखावतं, आणि मग माणूस करायचं तेच करतो, मुलीवर पहारा बसवतो, पत्रं अडवतो, परदेशी फिरवून आणतो.

शेवटी मुलगी पळून जाईल या भीतीने असेल किंवा थकून असेल, परवानगी मिळाली, पण अशी की लग्न बडोद्यात नाही आणि आम्ही येणार नाही. ऑगस्ट 1913 मधे लंडनला ब्राह्मो पद्धतीने लग्न लागलं. ज्या मुलीच्या लग्नात बडोद्याला हत्तींवरून साखर वाटली गेली असती तिच्या लग्नाला आई नाही, वडील नाहीत. आणि त्यानंतर काहीच दिवसांत जितेंद्रचा थोरला भाऊ वारला आणि धाकटं स्थळ म्हणून नाक मुरडलेला जावई महाराजा झाला. तिकडे माधवराव शिंद्यांनीही दुसरं लग्न केलं, मुलंही झाली, त्यांची नावं इंग्लंडच्या राजाराणीवरून जॉर्ज आणि मेरी. जॉर्ज म्हणजे जिवाजीराव. त्यांच्याकडे पुन्हा यायचंय.

इंदिराराजेंचा संसार नऊ वर्षांचा. पाच मुलं, इला, जगद्दीपेंद्र, इंद्रजितेंद्र, गायत्री, मेनका. 20 डिसेंबर 1922 ला, स्वतःच्या छत्तिसाव्या वाढदिवसाच्या दिवशी जितेंद्र लंडनमधे गेले. दारूनेच. इंदिराराजे तीस वर्षांच्या. सात वर्षांचा मुलगा महाराजा झाला आणि त्या रीजंट, म्हणजे तो मोठा होईपर्यंत त्याच्या नावाने कारभार बघणाऱ्या, थेट 1936 पर्यंत. ना भाषा आपली, ना मुलूख आपला, उत्तर बंगालच्या टोकाला हिमालयाच्या पायथ्याचं संस्थान, जंगलात वाघ आणि गेंडे, आणि तिथं एक मराठी विधवा कारभार बघतेय.

सगळे जे रंगवून सांगतात ते सगळं यानंतरचं आहे, हे कुणी फारसं सांगत नाही. शिफॉन, जुगार, रात्रीच्या मेजवान्या, हे विधवेचे शौक होते. राजघराण्यातली विधवा म्हटली की आपल्याला लगेच पांढरं लुगडं आणि देवपूजा आठवते, अहिल्याबाईंचं चित्र आपण तसंच काढत आलोय. या बाईंनी साडीच्या पन्ह्याचं शिफॉन फ्रान्समधे करून घेतलं, ते हलकं, झुळझुळीत कापड नेसून दिमाखात हिंडल्या, आणि मग सगळ्या संस्थानांतल्या राण्या तेच नेसायला लागल्या. चिमणाबाईंना काय वाटलं असेल ते देव जाणे, त्या शेवटपर्यंत नऊवारीतच.

आता मला हे सगळं बंडखोरी म्हणून डोक्यावर घ्यायचं नाहीये. कसिनोत जे पैसे लागत होते ते कूचबिहारच्या भात आणि ताग पिकवणाऱ्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्याचे होते. रीजंटबाई महिनोन्महिने परदेशात असायच्या, इंग्रज अधिकारी त्यावरून कुरकुर करायचे, आणि अधिकारी इंग्रज होते म्हणून त्यांची प्रत्येक कुरकुर खोटी ठरत नाही. शिवाय तेच पत्र बडोदा संस्थानातल्या एखाद्या पाटलाच्या मुलीने लिहिलं असतं तर तिच्यासाठी लंडनला कोण हॉल घेणार होतं? इंदिरेच्या धाडसाला पाठबळ होतं, नाव होतं, दागिने होते. हे मान्य करूनही ते पत्र लहान होत नाही असं मला वाटतं, कारण त्याच पाठबळाच्या, त्याच दागिन्यांच्या घरांतल्या कितीतरी मुली मुकाट्याने पडद्यामागे गेल्या.

आपली एक खोडच आहे. घराण्यातल्या बाईला आपण दोनच जागा देतो. एक तर घोड्यावर तलवार घेऊन, नाहीतर हातात पिंड घेऊन. या दोन्हींत जी बसत नाही तिच्या वाट्याला गॉसिप. इंदिराराजे लढाई लढल्या नाहीत, घाट बांधून अमर झाल्या नाहीत, म्हणून मग बूट. पुरुषांचं असं होत नाही, चांदीच्या आगगाडीवाल्या माधवरावांना कुणी फक्त आगगाडीवाला म्हणत नाही.

यातला सगळ्यात गमतीचा भाग पुढेच आहे. इंदिराराजेंची चौथी, गायत्री, घरातलं नाव आयेशा. बारा वर्षांची असताना कलकत्त्याला पोलो खेळायला आलेले जयपूरचे महाराज मानसिंह तिने बघितले आणि तेव्हापासून डोक्यात तेच. महाराजांना दोन राण्या, दोघी जोधपूरच्या, नात्याने आत्या आणि भाची. जयपूरला पडदा असा की ग्वाल्हेर परवडलं. म्हणजे आई ज्या आयुष्यातून निसटली तंतोतंत त्याच आयुष्यात, आणि दुसरीच्याही पुढे तिसरी म्हणून, मुलगी स्वतःच्या पायाने निघाली. आणि इंदिराराजेंनी काय केलं? विरोध. वाट बघ, विचार कर, बाहेर शिकायला जा. चिमणाबाईंनी पंचवीस वर्षांपूर्वी केलं तेच सगळं, फरक एवढाच की दारं बंद केली नाहीत. मला आधी हसू आलं. मग वाटलं की ही तुलना बरोबर नाही, चिमणाबाई मुलीला पडद्यात ढकलत होत्या आणि इंदिराराजे पडद्यापासून ओढत होत्या. पण मुलीच्या बाजूने बघितलं तर दोन्हीकडे आई आडवीच आली की. गायत्रीने ऐकलं नाही, ऐकेल कशी, कुणाची मुलगी ती. मग आईने हट्ट सोडला आणि युरोपभर फिरून असा काही आहेर जमवला की बोलायची सोय नाही. मे 1940 मधे कूचबिहारला लग्न झालं, या वेळी नवरीची आई मांडवात होती.

नंतरचं मी भराभर सांगते, कारण त्यात सुख कमी आहे. इला 1945 ला गेली, इंद्रजित 1951 ला. कूचबिहार संस्थान सप्टेंबर 1949 ला भारतात विलीन झालं आणि 1950 पासून पश्चिम बंगालमधला एक जिल्हा झालं. इंदिराराजे 1968 च्या सप्टेंबरमधे मुंबईत वारल्या. जाता जाता एक, अभिनेत्री मुनमुन सेन यांचे यजमान हे याच इलाचे चिरंजीव, म्हणजे रिया आणि रायमा सेन या इंदिराराजेंच्या पणत्या, हे कळल्यावर मी दोघींचे फोटो आणि पणजीचा फोटो शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले होते.

आता जिवाजीराव. मोडलेल्या लग्नानंतर माधवराव शिंद्यांनी जे लग्न केलं त्याचे हे चिरंजीव, आणि त्यांच्या पत्नी विजयाराजे, ग्वाल्हेरच्या राजमाता. 1962 च्या निवडणुकीत विजयाराजे काँग्रेसकडून ग्वाल्हेरहून लोकसभेत गेल्या, आणि जयपूरहून ‘स्वतंत्र’ नावाच्या पक्षाच्या गायत्रीदेवी, 1,92,909 मतं घेऊन. इंदिराराजे तेव्हा सत्तर वर्षांच्या, मुलीचा हा विजय त्यांनी बघितला. पडद्यातली तिसरी राणी होईल म्हणून जिची काळजी केली ती जीपमधून गावोगाव भाषणं करत होती. आणि ज्या घरात आपण गेलो नाही त्या घरची सून समोरच्या बाकावर. 1975 ला आणीबाणी आली, तोवर विजयाराजेही काँग्रेस सोडून जनसंघात गेलेल्या, आणि सरकारने दोघींनाही उचलून तिहार जेलमधे टाकलं. नकार देणारीची मुलगी आणि नकार मिळालेल्याची सून, दोघी एकाच जेलात. तिथं वेळच वेळ असणार, बोलायला माणूस हवंच. जुन्या सोयरिकींचा विषय निघाला असेलच, मराठी बायका आहेत एक मराठ्याघरची सून आणि एक मराठ्याघरची नात, कोण कुणाचं हे विचारल्याशिवाय राहतील होय?